कालची फाइल परत मिळेल का?

जयपूरच्या परकोट्याबाहेर आग्नेयेला राजा पार्क आहे. फाळणीनंतर आलेल्या पंजाबी आणि सिंधी कुटुंबांनी इथे बस्तान बसवलं. आज हा भाग म्हणजे खाली दुकान, वर ऑफिस, त्याच्याही वर राहतं घर. बऱ्याच गल्ल्या नुसत्या नंबरांनी ओळखल्या जातात. कपड्यांची दुकानं, बुटिक, क्लासेस, सी.ए., प्रवासाची तिकिटं काढून देणारे असे नाना व्यवसाय इथे एकमेकांना खेटून चालतात. यांतल्या बहुतेक ऑफिसांत पाच-दहा माणसं असतात आणि संगणक सांभाळायला वेगळा माणूस नसतो. फाइली मात्र मोठ्या कंपनीला असाव्यात तितक्या असतात. अशा गटाने क्लाउडवरची साठवण निवडताना काय पाहावं, ते या लेखात पायरीपायरीने पाहू. नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या ऑफिसालाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल. एक गोष्ट खास राजस्थानची आहे, ती पुढे येईलच.

बोलायला सोपं जावं म्हणून एक नमुना डोळ्यांसमोर धरू. राजा पार्कातल्या पहिल्या मजल्यावर कापडाच्या छपाईची डिझाइनं करणारं सात जणांचं ऑफिस आहे असं समजा. मालक, दोन डिझायनर, मास्टरजी, ऑर्डरी सांभाळणारी मर्चंडायझर, हिशेब लिहिणारा अकाउंटंट आणि पुण्यात घरून काम करणारी तिसरी डिझायनर. छपाई होते सांगानेरला. स्क्रीनच्या छपाईत प्रत्येक रंगाची जाळी वेगळी बनते. डिझाइनच्या फाइलीतून रंग वेगळे काढायचे, प्रत्येकाची फिल्म काढायची, फिल्मवरून स्क्रीन करायची. म्हणजे जुन्या आवृत्तीची फाइल चुकून पुढे गेली, तर चूक कळते ती थेट कापडावर. तोवर स्क्रीनचे पैसे गेलेले असतात, कापड गेलेलं असतं आणि ग्राहकाला दिलेली तारीखही गेलेली असते.

सध्या अशा ऑफिसात फाइल फिरते ती व्हॉट्सॲपवर. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण ते सगळ्यांना येतं, फुकट आहे आणि डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंतची फाइल जाते. पण व्हॉट्सॲप फाइल पोचवतं, सांभाळत नाही. सात जणांना पाठवलेल्या एका फाइलीच्या सात फाइली होतात आणि त्या क्षणापासून त्यांचा एकमेकींशी संबंध उरत नाही. कोणी कोणत्या फाइलीत काय बदललं याची नोंद कुठेही राहत नाही. मग नावाच्या शेवटी ‘फायनल’, ‘न्यू’, ‘न्यू फायनल’ अशी शेपटं जोडणं सुरू होतं. नावं बदलून आवृत्त्या सांभाळण्याची ही पद्धत दोन माणसांत कशीबशी चालते, सातांत नाही.

आधी यंत्र आतून कसं चालतं ते पाहू, म्हणजे जाहिरातीतले शब्द ओळखता येतील. क्लाउड स्टोरेजचं ॲप संगणकावर बसवलं की ते एक फोल्डर तयार करतं आणि त्यावर पहारा ठेवतं. तिथली एखादी फाइल सेव्ह झाली की तिची वेळ आणि आकार बदलतो, त्यावरून ॲपला सुगावा लागतो. मग फाइलीचे तुकडे होतात. ड्रॉपबॉक्समध्ये हे तुकडे ४ एमबीचे असतात. प्रत्येक तुकड्यावर एक गणित करून त्याची छोटीशी खूण काढतात, तिला हॅश म्हणतात. तुकड्यातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी हॅश पार बदलतो. ज्या खुणेचा तुकडा सर्व्हरकडे आधीच आहे तो पुन्हा पाठवायचा नाही, नवा तेवढाच पाठवायचा. तुकड्यांची तुलना करून फक्त फरक पाठवण्याची कल्पना तशी जुनी आहे. १९९६ साली ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ‘आरसिंक’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये ती चालवून दाखवली होती.

यातूनच आवृत्त्यांची सोय जवळजवळ आपोआप निघते. अशा सर्व्हरच्या लेखी फाइल म्हणजे तुकड्यांची यादी. सोमवारी यादी होती क, ख, ग, घ. मंगळवारी तिसरा तुकडा बदलला, यादी झाली क, ख, च, घ. सोमवारची यादी फाडली नाही आणि ‘ग’ हा तुकडा पुसला नाही, तर सोमवारची फाइल कधीही जशीच्या तशी उभी करता येते. पुसायचं नाही, एवढंच करायचं. पण न पुसलेल्याला जागा लागते आणि जागेला पैसे लागतात. म्हणून प्रत्येक कंपनी कुठेतरी रेघ ओढते की जुनं इतके दिवस किंवा इतक्या वेळा ठेवू, त्यानंतर नाही. ही रेघ कुठे आहे, हे निवडीच्या वेळी पहिल्यांदा विचारायचं. दुकानदार मात्र आधी सांगतो जागा किती मिळेल ते.

तुकड्यांच्या युक्तीचा फायदा सगळ्या फाइलींना सारखा होत नाही. जेपेग किंवा झिपसारख्या दाबून लहान केलेल्या फाइलीत सुरुवातीला थोडा बदल झाला, तरी पुढचे बाइट बदलतात किंवा सरकतात आणि जवळजवळ सगळे तुकडे नवे ठरतात. एक्सेलची फाइलसुद्धा आतून झिपच असते. ती लहान असल्याने फरक पडत नाही, पण ४०० एमबीच्या डिझाइन-फाइलीला पडतो. अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल तर ४०० एमबी चढायला साडेपाच मिनिटांच्या आसपास लागतात, १०० एमबीपीएसला अर्ध्या मिनिटाहून थोडं जास्त. दिवसातून दहा वेळा सेव्ह करणाऱ्या डिझायनरसाठी हा फरक काम चालू राहण्याचा किंवा थांबण्याचा आहे. तेव्हा इंटरनेटवाल्याला डाउनलोडचा वेग विचारून थांबू नका, अपलोडचाही विचारा. आणि पहिल्या दिवशी जुना सगळा साठा वर चढवायचा असतो. ५०० जीबी, ५० एमबीपीएसने, अखंड चाललं तरी बावीस तास लागतात. ते काम शनिवारी संध्याकाळी लावून घरी जावं.

आता त्या रेघेकडे वळू. मी ही माहिती लिहितो आहे त्या वेळचे नियम देतो. कंपन्या ते बदलतात, म्हणून पैसे भरायच्या दिवशी मदतीच्या पानावर एकदा ताडून पाहा.

गूगल ड्राइव्हमध्ये दोन जातींच्या फाइली राहतात आणि दोघींचे नियम वेगळे आहेत. गूगलच्याच डॉक्स आणि शीट्समध्ये टंकलेला प्रत्येक बदल नोंदला जातो, कोणी केला तेही दिसतं. एखाद्या आवृत्तीला ‘ग्राहकाने मंजूर केलेलं’ असं नाव देऊन तो टप्पा राखून ठेवता येतो. बाकीच्या म्हणजे फोटोशॉप, कोरलड्रॉ, पीडीएफ वगैरे फाइलींच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या, यांतलं जे आधी होईल तोवर राहतात, मग जाऊ शकतात. एखाद्या आवृत्तीवर ‘कायम ठेवा’ अशी खूण करता येते, पण ती माणसाने आठवणीने करायची. कचरापेटीतलं ३० दिवसांनी आपोआप नाहीसं होतं.

मायक्रोसॉफ्टच्या घरगुती वनड्राइव्ह खात्यात एका फाइलीच्या शेवटच्या २५ आवृत्त्या राहतात. ऑफिसच्या खात्यात आणि शेअरपॉइंटमध्ये नेहमीची मर्यादा ५०० आवृत्त्यांची आहे. ऐकायला भरपूर वाटतं. पण इथे प्रत्येक आवृत्ती तुमच्या जागेत मोजली जाते. ४०० एमबीच्या डिझाइनच्या पन्नास आवृत्त्या म्हणजे २० जीबी, आणि अशी पन्नास डिझाइनं म्हणजे एक टीबी. शेअरपॉइंटची सामाईक जागा एक टीबी अधिक माणशी १० जीबी इतकी असते. आपल्या सात जणांचं ऑफिस एका मोसमात तिच्या काठाला टेकेल. वर्ड-एक्सेलवर चालणाऱ्या ऑफिसाला मात्र ही व्यवस्था वर्षानुवर्षं पुरते.

ड्रॉपबॉक्समध्ये फुकट आणि साध्या वैयक्तिक योजनांना ३० दिवस, गटांच्या सुरुवातीच्या योजनेला १८० दिवस आणि वरच्या योजनांना एक वर्ष, असा हिशेब आहे. जुन्या आवृत्त्या आणि पुसलेल्या फाइली तुमच्या जागेत धरत नाहीत, ही तिची मोठी जमेची बाजू.

नेक्स्टक्लाउड हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. २०१६ साली फ्रँक कार्लिचेक यांनी ते आपल्याच आधीच्या प्रकल्पापासून वेगळं काढलं. ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचं. त्यात जुन्या आवृत्त्या विरळ होत जातात. ताज्या तासाभरात मिनिटाला एक, दिवसभरासाठी तासाला एक, महिनाभर दिवसाला एक, त्यापुढे आठवड्याला एक. मला ही पद्धत सगळ्यांत शहाणी वाटते, कारण माणसाला जवळचं बारीक आणि लांबचं ठळकच आठवायचं असतं. तरीही राजा पार्कातल्या ऑफिसाला मी ते सुचवणार नाही. तो सर्व्हर दर महिन्याला कोणीतरी अद्ययावत करावा लागतो, आणि हा ‘कोणीतरी’ सात जणांत कुणीच नसतो.

तीस दिवस पुरेत का? छपाईच्या धंद्यात पुरत नाहीत. उन्हाळी मालाचं डिझाइन थंडीत होतं, नमुने जातात, मंजुरी येते, छपाई होते, आणि चार महिन्यांनी ग्राहक म्हणतो की मागच्या वेळी पहिल्यांदा दाखवला होता तोच निळा द्या. ती आवृत्ती तोवर गेलेली असते. सी.ए.च्या ऑफिसात तर मागच्या वर्षीच्या विवरणपत्राची चौकशी पुढच्या वर्षी येते. तेव्हा दिवसांचा आकडा आपल्या धंद्याच्या चक्राशी ताडून ठरवावा. एक ऑर्डर पहिल्या रेखाटनापासून पैसे हाती येईपर्यंत किती महिने चालते, तितका काळ जुनी आवृत्ती मिळाली पाहिजे.

त्याहून लांबचं सांभाळायचं असेल तर आवृत्त्यांच्या इतिहासावर विसंबू नये. त्यासाठी ‘मंजूर’ नावाचं वेगळं फोल्डर करावं. त्यात फाइल ठेवायचा अधिकार एकाच व्यक्तीला, म्हणजे मर्चंडायझरला, द्यावा. बाकीच्यांनी फक्त पाहावं आणि उतरवून घ्यावं. ग्राहकाची मंजुरी आली की त्या दिवसाची फाइल तारखेसह इथे येईल आणि सांगानेरला जी जाईल ती इथूनच. इतिहास तुम्हाला कोणी आणि कधी ते सांगतो, का ते सांगत नाही. ‘का’ असलेली फाइल या फोल्डरात असते. सॉफ्टवेअरच्या सगळ्या सोयी बाजूला ठेवल्या तरी एवढी शिस्त निम्मं काम करून जाते, असं माझं मत आहे.

नावांबद्दल थोडं. तारीख २०२५-०४-१२ अशी वर्षापासून लिहिली की फाइली आपोआप क्रमाने लागतात. तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, विसर्गासारखी दोन टिंबं ही चिन्हं विंडोजच्या नावात चालत नाहीत. देवनागरी नावं बेलाशक द्या, ती युनिकोडमध्ये असली म्हणजे झालं. अडचण येते ती आतल्या मजकुराची. राजस्थानात हिंदी टंकलेखन बरंच कृतिदेवमध्ये चालतं, आपल्याकडे श्रीलिपी चालायची. अशा जुन्या फॉन्टांत पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत दुसरीच अक्षरं साठवलेली असतात. त्यामुळे क्लाउडच्या शोधखिडकीत ‘सांगानेर’ टाकलं तर ते कागद सापडत नाहीत.

दुसरी गोष्ट मालकीची, आणि माझ्या मते ती आवृत्त्यांपेक्षाही महत्त्वाची. लहान ऑफिसांत गूगल ड्राइव्ह सुरू होतं ते एखाद्या उत्साही कर्मचाऱ्याच्या जीमेलवरून. तो फोल्डर बनवतो, सगळ्यांना शेअर करतो, १५ जीबी फुकट मिळतात, कोणाला काही द्यावं लागत नाही. पण वैयक्तिक खात्यात फाइल ज्याने बनवली त्याची असते. तो नोकरी सोडून गेला आणि त्याने आपलं ड्राइव्ह साफ केलं, तर ऑफिसच्या फाइली गेल्या. भांडण व्हायलाच हवं असंही नाही. गूगलच्या धोरणानुसार दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं पुसलं जाऊ शकतं. ‘ऑफिसचं म्हणून एक जीमेल काढलं होतं’ अशी जी खाती असतात, ती नेमकी यात सापडतात.

उपाय म्हणजे गटाच्या मालकीची जागा. गूगलच्या व्यावसायिक सेवेत तिला शेअर्ड ड्राइव्ह म्हणतात, शेअरपॉइंटमध्ये डॉक्युमेंट लायब्ररी, चेन्नईच्या झोहो कंपनीच्या वर्कड्राइव्हमध्ये टीम फोल्डर. नावं वेगळी, मुद्दा एकच की फाइल संस्थेची. माणूस आला तर त्याला आत घ्यायचं, गेला तर बाहेर काढायचं, फाइल जागची हलत नाही. कोणत्या योजनेत ही सोय आहे ते आधी विचारा, सगळ्यांत स्वस्त योजनेत ती असेलच असं नाही. आणि संस्थेचं मुख्य खातं, म्हणजे ॲडमिन, मालकाच्या नावावर ठेवा. जोडीला आणखी एका विश्वासाच्या माणसाला तोच अधिकार द्या. एकाच माणसाच्या फोनवर येणाऱ्या ओटीपीवर अख्खं ऑफिस टांगून ठेवू नये.

आता राजस्थानची खास गोष्ट. इथे भरती परीक्षांच्या दिवशी पेपरफुटीच्या भीतीने मोबाइल इंटरनेट बंद केल्याच्या घटना घडल्या आहेत. २६ सप्टेंबर २०२१ रोजी रीट या शिक्षक पात्रता परीक्षेसाठी राज्यातल्या अनेक जिल्ह्यांत ते बंद होतं. २८ जून २०२२ रोजी उदयपूरमध्ये झालेल्या एका हत्येनंतर ते राज्यभर बंद करण्यात आलं. ज्या ऑफिसाचं सगळं काम फोनच्या हॉटस्पॉटवर चालतं, त्याचं क्लाउड अशा दिवशी कुलूपबंद होतं. तारेतून येणारं ब्रॉडबँड बहुधा चालू राहतं, म्हणून ते घ्यावं हे झालंच. पण निवडताना पाहायचं ते हे की फाइलींची प्रत संगणकावर खरोखर आहे का.

कारण आजकालची ॲपं जागा वाचवण्यासाठी फाइलीचं फक्त नाव आणि चित्र दाखवतात. फाइल वर असते, दोनदा टिचकी मारली की उतरते. वनड्राइव्हमध्ये असल्या फाइलीशेजारी निळा ढग दिसतो. गूगलच्या ॲपमध्ये ‘स्ट्रीम’ आणि ‘मिरर’ असे दोन पर्याय असतात, पण शेअर्ड ड्राइव्ह नेहमी स्ट्रीमच होतं. त्यातलं जे फोल्डर रोज लागतं त्यावर ‘ऑफलाइन उपलब्ध’ अशी खूण स्वतः करावी लागते. ती केलेली असली की परीक्षेचा दिवस असो की खोदकामात तुटलेली केबल, डिझायनरचं काम चालू राहतं आणि जोडणी आली की बदल वर जातात.

मात्र इथूनच आवृत्त्यांचा सगळ्यांत जुना तंटा सुरू होतो. इंटरनेट नसताना राजा पार्कातल्या डिझायनरने फुलाचा रंग बदलला आणि पुण्यातल्या डिझायनरने त्याच फाइलीत किनार बदलली. संध्याकाळी दोन्ही फाइली सर्व्हरपाशी पोचल्या. चित्राच्या फाइलीत दोन बदल एकत्र विणणं सर्व्हरला जमत नाही. मग तो एकीला मूळ नाव देतो आणि दुसरीच्या नावाला ‘संघर्ष प्रत’ किंवा संगणकाचं नाव जोडून शेजारी ठेवतो. काही हरवत नाही, पण कोणती खरी हे ठरवणं माणसावर येतं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये पुरं झालं. छपाईच्या ऑर्डरीला इतका वेळ कोणी देत नाही.

तेव्हा फाइलीला कुलूप लावायची सोय पाहावी. शेअरपॉइंटमध्ये फाइल ‘चेक आउट’ करता येते, मग परत ठेवेपर्यंत दुसऱ्याला बदलता येत नाही. वर्ड, एक्सेल, डॉक्स, शीट्स यांत दोघांना एकाच वेळी लिहिता येतं, तिथे प्रश्न उद्भवत नाही. कुलपाची सोय नसेल तर साधा उपाय, प्रत्येक डिझाइनचा एका वेळी एकच धनी. गटाच्या व्हॉट्सॲपवर ‘कमळ-१२ माझ्याकडे’ एवढं लिहिलं तरी भागतं.

टॅलीबद्दल स्वतंत्र सूचना. टॅलीचा चालू डेटा अशा फोल्डरात ठेवू नये. हिशेब लिहिताना टॅली एकाच वेळी अनेक फाइली उघडून लिहीत असतं. क्लाउडचं ॲप त्यांतली एक आत्ता आणि दुसरी थोड्या वेळाने उचलतं, आणि वर जो संच जमतो तो एकमेकांशी जुळत नाही. डेटा संगणकावर नेहमीच्या जागी असू द्या, रोज संध्याकाळी टॅलीतूनच बॅकअप घ्या आणि तो बॅकअप क्लाउडच्या फोल्डरात टाका.

हिशेबाचा विषय निघालाच आहे तर कायद्याचं एक सांगून ठेवतो. ऑफिस प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपन्यांच्या हिशेबविषयक नियमांत ऑगस्ट २०२२ पासून असं आहे की इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवायचा. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची, बंद न करता येणारी नोंदही लागते. म्हणजे हिशेबासाठी आवृत्त्यांचा इतिहास हा आता सोयीचा विषय राहिलेला नाही. मालकीच्या किंवा भागीदारीच्या पेढीला हे नियम लागू नाहीत. जीएसटीचे कागद मात्र सगळ्यांनाच वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचे आहेत. भारतातल्या सर्व्हरचा प्रश्न आला तर झोहोची केंद्रं मुंबई आणि चेन्नईत आहेत, आणि मायक्रोसॉफ्ट ज्याला ‘सेंट्रल इंडिया’ म्हणतं ते केंद्र पुण्यात आहे.

‘आवृत्ती-नियंत्रण’ म्हटलं की संगणकवाले लगेच गिटचं नाव काढतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी ते लिहिलं, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी त्याला तोड नाही. पण त्याची ताकद मजकुराच्या ओळी ताडून पाहण्यात आहे. चित्राच्या फाइलीत त्याला ओळी सापडत नाहीत, आणि गिटहबवर १०० एमबीच्या वरची साधी फाइल चढतच नाही. मास्टरजींना कमिट आणि ब्रँच शिकवायला बसू नये. ऑफिसची वेबसाइट कोणी बनवत असेल तर त्याने ती खुशाल गिटमध्ये ठेवावी.

एवढं सगळं केलं तरी एक प्रत ऑफिसात स्वतःची हवी. क्लाउडचं फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. खंडणीखोर व्हायरसने संगणकावरच्या फाइली कुलूपबंद केल्या तर ॲप त्या बिघडलेल्या फाइलीही इमाने-इतबारे वर नेतं. तेव्हा आवृत्त्या कामी येतात, पण रेघेच्या आत असाल तरच. कधी वरची बाजूच जळते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात डेजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांची जी-ड्राइव्ह ही फाइल-साठवण, ८५८ टीबी, नष्ट झाली. तिची प्रत बाहेर कुठेही नव्हती. कर्मचाऱ्यांना फाइली आपल्या संगणकाऐवजी तिथेच ठेवायला सांगितलेलं होतं. आपल्याला करायचं ते फार नाही. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी, आठवड्यातून एकदा सगळं तिच्यावर उतरवावं, मग तिची तार काढून ती मालकाच्या घरी ठेवावी. तार लावूनच ठेवली तर व्हायरस तिच्यापर्यंतही पोचतो.

मग घ्यावं काय? आपल्या नमुन्यातल्या ऑफिसाने, जिथे मोठ्या डिझाइन-फाइली जास्त आणि मोसम लांब, तिथे ड्रॉपबॉक्सची १८० दिवसांची गट-योजना घ्यावी, असं मला वाटतं. तुकड्यांनी चढणं आणि जुन्या आवृत्त्या जागेत न धरणं, या दोन गोष्टी तिथे भाव वसूल करून देतात. शेजारच्या सी.ए. ऑफिसाने, जिथे एक्सेल आणि वर्डचं राज्य आहे, तिथे शेअरपॉइंटसह मायक्रोसॉफ्टची योजना बरी. बजेट आवळलेलं असेल किंवा सर्व्हर भारतातच हवा असेल, तर झोहो वर्कड्राइव्ह आधी तपासावं. जिथे सगळं काम डॉक्स आणि शीट्समध्येच होतं, अशा क्लासेसनी गूगलच्या शेअर्ड ड्राइव्हपलीकडे पाहायचं कारण नाही. दोन सेवा एकत्र मात्र कोणीच चालवू नयेत, मग फाइल कुठे आहे हे शोधणं हेच एक काम होऊन बसतं. किमतीवर १८ टक्के जीएसटी धरा. नोंदणी असेल तर बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घ्या.

आणि पैसे भरण्याआधी चाचणीचा जो काळ मिळतो त्यात फोल्डर भरत बसू नका. एका डिझाइनची नक्कल घ्या, तिच्यात तीनदा बदल करून सेव्ह करा, मग पहिली आवृत्ती परत आणा. हे काम मालकाने करू नये, मर्चंडायझरला करू द्यावं, कारण प्रत्यक्षात वेळ तिच्यावर येणार आहे. फाइल पुसा आणि दुसऱ्या दिवशी तिलाच परत मिळवायला सांगा. वायफाय बंद करून रोजचं फोल्डर उघडतं का पाहा. दोन संगणकांवर एकच फाइल मुद्दाम बदला आणि काय होतं ते सगळ्यांना दाखवा. एक खोटं खातं काढून त्यातून फाइली बनवा, मग ते खातं बंद करा आणि फाइली जागेवर आहेत ना याची खात्री करा. शेवटी अख्खं फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवून किती वेळ लागला ते वहीत लिहा, कारण उद्या सेवा बदलायची झाली तर तेवढाच वेळ लागेल. यांतलं एक जरी मर्चंडायझरला कोणाला फोन न करता जमलं नाही, तर ती सेवा कितीही नावाजलेली असली तरी घेऊ नका.